कोल्हापूरहून निलगिरीच्या वाफेच्या गाडीला: पोराबाळांसह पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

“पप्पा, धूर कुठाय?”

थोरलीनं हे विचारलं तेव्हा आमची गाडी उटीहून निघून वेलिंग्टन स्टेशन ओलांडत होती, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाडी तीच होती, निळे-पिवळसर डबे तेच होते, बाहेर चहाचे मळेही होते. फक्त पुढं डिझेल इंजिन होतं. वाफेचं इंजिन दाखवतो म्हणून पोरांना कोल्हापुरातून तिथवर नेलं आणि तिकीट काढलं नेमक्या त्या तुकड्याचं, जिथं वाफ नसतेच. चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या खेपेला नीट माहिती काढली, आबांना म्हणजे माझ्या वडिलांनाही बरोबर घेतलं आणि खालपासून वरपर्यंत गेलो. त्या दोन खेपांतून जे कळलं ते इथं क्रमानं सांगतो.

आधी हे ठरवा: कुठला तुकडा

निलगिरी पर्वतीय रेल्वे मेट्टुपाळयम ते उदगमंडलम, म्हणजे आपलं उटी, अशी सुमारे ४६ किलोमीटर धावते. तिचे दोन भाग मनात पक्के करा. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हे २८ किलोमीटर वाफेचे. कुन्नूर ते उटी हे उरलेले १८ किलोमीटर नेहमीच्या गाडीला डिझेलचे. उटीत हॉटेलवाले, टॅक्सीवाले “टॉय ट्रेन, टॉय ट्रेन” म्हणून सुचवतात ती बहुतेक वेळा उटी–कुन्नूर ही छोटी फेरी असते. तासाभरात होते, तिकीट त्यातल्या त्यात सहज मिळतं, देखावाही सुंदर. पण पोरांना धूर, शिटी आणि पाणी पिणारं इंजिन बघायचं असेल तर मेट्टुपाळयमचं तिकीट काढण्याला पर्याय नाही.

“मग माथेरान काय वाईट, जवळ आहे की,” असं आमच्या गल्लीत तिघांनी तरी विचारलं. माथेरान झकासच आहे. १९०७ पासूनची लाइन, अरुंद रूळ, गोल गोल वळणं. पण तिथल्या रोजच्या गाड्यांना डिझेल इंजिन असतं. दार्जिलिंगला वाफेच्या फेऱ्या होतात, पण कोल्हापूरहून दार्जिलिंग म्हणजे पोरांची निम्मी सुट्टी प्रवासातच संपायची. आपल्याला परवडणारी गाडी निलगिरीचीच.

पोरांना आधी सांगून ठेवायची गोष्ट

ही गाडी बघण्यात निम्मी मजा ती चढते कशी हे कळण्यात आहे. आणि कोल्हापूरच्या पोरांना ते समजवायला पुस्तक लागत नाही. रसवंतीवर न्या आणि चरकाची चाकं दाखवा. एका चाकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि घसरायला जागाच उरत नाही. निलगिरीत तेच केलंय, फक्त दुसरं चाक उलगडून जमिनीवर आडवं टाकलंय. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्यात, शेजारी शेजारी दोन, आणि त्यांचे दाते एकमेकांपुढं मागं सरकवलेले. त्यामुळं इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक दर क्षणी कुठल्या ना कुठल्या दात्यात अडकलेलं राहतं. या रचनेला ती शोधणाऱ्या स्विस इंजिनिअरच्या नावानं आब्ट पद्धत म्हणतात. भारतात अशी दातेरी रेल्वे ही एकच.

गरज का पडली? चढ बघा. महालक्ष्मीनं मुंबईहून परत येताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात ते आपण सगळ्यांनी झोपेतून उठून बघितलंय. त्या बोर घाटाचा चढ ३७ला १ आहे. निलगिरीत कल्लार ते कुन्नूर हा चढ १२ला १ च्या आसपास आहे, म्हणजे बारा मीटर पुढं सरकलं की जवळपास एक मीटर वर. एवढ्या चढावर गुळगुळीत रुळावरचं गुळगुळीत चाक नुसतं जागच्या जागी फिरत राहील. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर आहे, आपल्या कोल्हापूरपेक्षाही खाली. उटी २,२०३ मीटरवर. शहरापासून पन्हाळा जेमतेम चारशे मीटर उंच धरला तर एकावर एक चार पन्हाळे रचूनही ही उंची भरत नाही.

इंजिनाला चार सिलिंडर असतात. जोरदार ताजी वाफ आधी खालच्या दोन सिलिंडरांत जाऊन साधी चाकं फिरवते. तिथून बाहेर पडलेली, जोर थोडा ओसरलेली वाफ वाया न घालवता वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि दातेरी चाकं फिरवते. साखर कारखान्यात एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला देत देत रस आटवतात, तसाच हा काटकसरी हिशोब. आमच्या आबांनी हंगामात बॉयलरवर काम केलंय. त्यांना एका वाक्यात कळलं, मला अर्धा तास लागला होता. ही इंजिनं मुळात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या कारखान्यातली. नंतरची काही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात आपल्याच लोकांनी बांधली. कोळशाऐवजी भट्टीत तेल जाळणारी इंजिनं आता इथं चालतात, म्हणून फावडं मारणारा माणूस दिसला नाही तर पोरांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी आबांनी सांगितली आणि मला ठाऊक नव्हती. कोल्हापूर–मिरज लाइन १८९१ साली सुरू झाली. निलगिरीच्या लाइनचं कामही १८९१ लाच सुरू झालं. आपली मिरजेपर्यंत पोचली, तिकडची कुन्नूरला पोचायला १८९९ आणि उटीला पोचायला १९०८ उजाडलं. त्या काळात आपली लाइनही मीटरगेजच होती, निलगिरीसारखी एक मीटर रुंदीची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती रुंद झाली. त्यामुळं घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर त्यांना मागं ठेवू नका. पोरांना वाफेची गाडी नवी असते, त्यांना ती जुनी ओळखीची असते, आणि दोघांची जोडी या प्रवासात बरी जमते.

कधी जायचं

आपली चूक इथं होते, कारण आपण सुट्टी बघतो, तिकडचा पाऊस बघत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडं आभाळ मोकळं असतं, पण निलगिरीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीचा, ईशान्येकडून येणारा पाऊस. त्या दिवसांत दरडी कोसळून मेट्टुपाळयम–कुन्नूर गाडी रद्द होणं नवलाचं नाही, कधी कधी सलग बरेच दिवस. आपल्या आंबा घाटात दरड पडली की काय होतं ते माहीत आहेच, इथं तर दातेरी पट्टीवरचा एकेक दगड काढावा लागतो. एप्रिल–मे मध्ये पाऊस तेवढा नसतो पण गर्दी अशी की तिकीट मिळणं मुश्कील. माझं मत विचाराल तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. शाळेचे दोन-तीन दिवस बुडतील. बुडू द्या. जानेवारीत उटीत रात्री कडाक्याची थंडी असते एवढं फक्त लक्षात ठेवा.

तिकीट

रेल्वेच्या नेहमीच्या आरक्षणातूनच हे तिकीट मिळतं, वेगळी काही भानगड नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्याच दिवशी सकाळी बसा. गाडीला डबे मोजके असतात आणि मेट्टुपाळयमहून वर जाणारी नियमित गाडी दिवसाला एकच, सकाळी ७.१० ची. उटीला ती दुपारी बाराच्या सुमारास पोचते. परतीची दुपारी दोनला उटीहून निघते. निघण्याआधी वेळापत्रक एकदा तपासा.

वेटिंगवर विसंबू नका. इतक्या थोड्या जागांत वेटिंग फारसं हलत नाही, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. विनाआरक्षित काही जागा असतात, त्यासाठी पहाटे रांग लागते. एकटादुकटा माणूस तो डाव खेळू शकतो. आबा, बायको आणि दोन पोरं घेऊन मी खेळणार नाही.

पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. पाच ते बाराच्या पोराला जागा हवी तर पूर्ण तिकीट. आमचा धाकटा चार वर्षांचा. वाचलेल्या तिकिटाची किंमत मी पाच तास मांडीवर मोजली. परवडत असेल आणि मिळत असेल तर लहानग्यालाही त्याचं वय घालून पूर्ण तिकिटानं जागा घ्या.

पहिला वर्ग की दुसरा? पहिल्या वर्गात गाद्या बऱ्या, माणसं कमी. दुसऱ्यात बाकं दाटीची, पण खिडक्या सगळीकडं आहेत आणि गप्पांना माणसं आहेत. आम्ही दुसऱ्यानं गेलो आणि पुन्हाही तसंच जाऊ. आबांच्या कमरेसाठी एक उशी मात्र नेली होती.

कोल्हापूरहून मेट्टुपाळयम

सरळ गाडी नाही, तुकडे जोडावे लागतात. आम्ही केलं ते असं. मिरजेहून राणी चन्नम्मा धरली, ती रात्रभर चालून सकाळी बेंगळुरूला सोडते. तिथून दिवसाच्या गाडीनं कोइमतूर. कोइमतूरहून मेट्टुपाळयम साधारण ३५ किलोमीटर, लोकल गाड्या आणि बस दोन्ही आहेत. मिरजेऐवजी कोल्हापूरहून बेंगळुरूची रात्रीची बस धरली तरी चालतं, पण पोरांना आणि म्हाताऱ्या माणसाला आडवं झोपायला मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तिरुपतीचा नवस बाकी असेल तर कोल्हापूरची हरिप्रिया एक्सप्रेस आहेच. बालाजीचं दर्शन करून तिरुपतीहून कोइमतूरला जाता येतं. त्यासाठी तारखा आणि वेळा जुळवाव्या लागतात, म्हणून आधी निलगिरीचं तिकीट, मग त्या तारखेभोवती बाकीचं, हा क्रम उलटा करू नका.

स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं ते असं की निलगिरी जिल्ह्यात खासगी गाडीला ई-पास लागतो. न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून हे सुरू झालंय. आणि गाडी मेट्टुपाळयमला लावून वर गेलात तर परत तिथंच यावं लागणार.

सगळ्यात महत्त्वाचं: आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपाळयमलाच करा. कोइमतूरला हॉटेलं चांगली असतात खरी, पण सकाळी ७.१० च्या गाडीसाठी पोरांना पहाटे उठवून ३५ किलोमीटर पळवायचं आणि वाटेत काही अडकलं की साठ दिवसांपूर्वीचं तिकीट पाण्यात, असला खेळ कशाला?

पिशवीत काय

भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. एवढं पाच तासांना पुरतं. कांदा-लसूण चटणीची बरणी मात्र तळाशी ठेवा, डब्यात उघडली की सगळा डबा वळून बघतो. आमच्याकडं बघितलंच. समोरच्या तमिळ कुटुंबातल्या आजींनी चिमूटभर चाखली, डोळे पुसले आणि आपल्या डब्यातली पोडी, म्हणजे त्यांची कोरडी चटणी, पुढं केली. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती, तिखट दोघांनाही कळलं.

भाषेवरून आठवलं. तिकडं हिंदीपेक्षा कन्नड जास्त उपयोगी पडते. निलगिरीतल्या बडगा लोकांची बोली कन्नडच्या जवळची आहे. घरात कागल-गडहिंग्लजकडचं, कन्नड समजणारं कुणी असेल तर त्याला पुढं करा.

पाणी स्टीलच्या बाटल्यांतून न्या. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते. स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी नकोत. खाली मेट्टुपाळयमला घाम येतो आणि कुन्नूरला पोचेपर्यंत पोरं कुडकुडायला लागतात, त्यामुळं हाताशी हवेत. मोठ्या बॅगा कमीत कमी. बाकांमध्ये गुडघे मावतात एवढीच जागा असते. पांढरे कपडे नकोत. आणि डब्यात स्वच्छतागृह नसतं, म्हणून स्टेशनवरच सगळ्यांना, “लागली नाही” म्हणणाऱ्यालाही, एकदा पाठवा.

गाडीच्या दिवशी

साडेसहाला स्टेशनवर या, पण सरळ डब्यात चढू नका. आधी इंजिनाकडं जा. ते गाडीच्या शेपटीला असतं. हे बघून धाकटा म्हणाला, “उलटं लावलंय!” उलटं नाही. हे इंजिन गाडी ओढत नाही, खालून ढकलत नेतं. म्हणजे चढावर एखादी जोडणी तुटलीच तरी डबे सुटून दरीकडं धावणार नाहीत, खाली इंजिन आडवं उभं आहे. शिवाय डब्यांवर ब्रेक लावणारी माणसं असतात, इंजिनाच्या शिट्टीवर आणि एकमेकांच्या इशाऱ्यांवर ती ब्रेक सोडतात, आवळतात. त्यांचे हात बघायला पोरांना सांगा.

गाडी सुटली की लगेच भवानी नदीचा पूल लागतो. नाव ऐकून आबांनी हात जोडले. आम्ही भवानी मंडपापासून दोन गल्ल्यांवर राहणारी माणसं, जोडणारच. नंतर सुपारीच्या बागा, आणि सात-आठ किलोमीटरवर कल्लार. इथून दातेरी पट्टी सुरू होते. गाडी हळू होते, खालून एक खडखड येते आणि सगळा डबा क्षणभर गप्प होतो. इंजिनाचा सूरही बदलतो, आधी एक ठेका असतो, आता दोन एकात एक गुंफलेले ऐकू येतात. आबांनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, “आबा, खिडकीतून बघा की.” ते म्हणाले, “बघाय तुम्ही हायसा. मला ऐकू दे.”

वेग विचारू नका. पाच तासांत ४६ किलोमीटर, रंकाळ्याभोवती सायकल मारणारा पोरगा हिला सहज मागं टाकेल. पण बाहेर एका बाजूला कातळ हाताला लागेल असा आणि दुसरीकडं दरी, धबधबे, खाली सुटत गेलेलं सपाट मैदान. संपूर्ण मार्गावर १६ बोगदे, २५० पूल आणि २०८ वळणं आहेत. आम्ही पोरांना बोगदे मोजायला लावले. सोळा आले तर उटीत चॉकलेट असं ठरलं. थोरलीचे पंधरा आले, धाकट्याचे एकवीस. बोगद्यात गाडी शिरली की अख्खी गाडी एकसुरात ओरडते, मोठी माणसंसुद्धा. लाजू नका. पण डोकं, हात आणि विशेषतः मोबाइल आत. कातळ खरंच जवळ आहे, आणि मोबाइल दरीत गेला तर तो गेलाच.

वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबतं. हिलग्रोव्हला उतरायला वेळ मिळतो. चहा-कॉफी, वडे मिळतात, हातपाय मोकळे होतात. इथली माकडं मात्र निर्ढावलेली आहेत. भडंगाची पिशवी हातात घेऊन उतरू नका. मी उतरलो होतो. पिशवी गेली, झाडावरून भडंग खाली सांडत राहिला आणि फलाटावरची पोरं खूश. गार्डची शिटी झाली की फोटो अर्धवट सोडून चढा.

कुन्नूर

इथं वाफेचं इंजिन सुटतं आणि पुढं डिझेल लागतं. या अदलाबदलीचा वेळ वाया घालवू नका, पोरांना घेऊन इंजिनाजवळ जा आणि सुरक्षित अंतरावरून नीट बघा. सकाळी शेपटीला जे दिसलं त्याचा अर्थ आता त्यांना कळलेला असतो. प्रश्न बदललेले असतात. थोरलीनं विचारलं, “दाते झिजले तर काय करत असतील?” यावर आबा आणि ती पुढची वीस मिनिटं बोलत होते.

पोरं फार पेंगुळली असतील तर कुन्नूरलाच उतरून मुक्काम करायला हरकत नाही. गाव उटीपेक्षा शांत आहे आणि सिम्स पार्कमध्ये पोरांचा वेळ छान जातो. पुढं जाणार असाल तर वेलिंग्टनची छावणी, अरुवंकाडूचा दारूगोळ्याचा कारखाना, केत्तीची दरी, लव्हडेल आणि मग उटी. देखणा तुकडा आहे, पण सकाळच्या कातळकड्यांनंतर निम्मे प्रवासी इथं झोपतात. आमची पोरं झोपली. मीही.

उतरताना

परत त्याच गाडीनं खाली यायचा मोह टाळा. दोन्ही बाजूंनी मिळून साडेआठ तासांच्या आसपास त्या बाकांवर बसणं पोरांना आणि कमरांना झेपत नाही. उटीत दोन रात्री काढा आणि म्हैसूरच्या रस्त्यानं उतरा, मुदुमलै आणि बंदीपूरच्या जंगलातून. नशीब असेल तर रस्त्याकडेला हत्ती दिसतात. बंदीपूरच्या त्या रस्त्यावर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, म्हणून जेवण करून दुपारीच निघा. म्हैसूरहून बेंगळुरू, तिथून आपली नेहमीची वाट.

कपड्यांवर काजळीचे ठिपके पडले असतील तर ओल्या हातानं चोळू नका, पसरतात. आधी कोरडे झटका, मग साबण. आबांचा शर्ट बायकोनं धुवायला मागितला तर म्हणाले, “राहू दे, उद्या परत तोच घालणार हाय.”